टोपरं आणि तीन पिना

दहावीच्या सांख्यिकीच्या प्रकल्पासाठी कुणी तापमान मोजलं, कुणी चौकातून जाणाऱ्या विजेच्या रिक्षा मोजल्या, एकीने तर मांजरीच्या जांभया मोजल्या. मी आईला पडणाऱ्या हाका मोजल्या. फ्रिजवर कागद चिकटवला आणि सात दिवस, सकाळी सहा ते रात्री नऊ, हाक पडली की एक रेघ.

सरासरी निघाली दिवसाला एकशे बारा. चोपन्न आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या. एकेचाळीस माझ्या. उरलेल्या सतरा पप्पांच्या, आणि त्या तर कोइमतूरहून! विट्यातल्या कितीतरी घरांसारखे आमचे पप्पाही गलाईवाले, परमुलखात राहून जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणारे. त्यांचं कपाट इथे, किल्ली आईकडे, आणि गरज पडते तिकडे. "जयश्री, माझी निळी फाइल कुठाय बघ गं."

प्रकल्पाला पैकीच्या पैकी गुण. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला तोंड उघडतानाही मला घाम फुटायचा, आणि यंदा मी अख्ख्या वर्गासमोर तो न अडखळता वाचला. टाळ्या पडल्या. घरी धावत आले आणि कागद आईच्या नाकासमोर धरला.

"आई, हे बघ!"

तिने पिठाचे हात बाजूला धरून वाचला. "छान आहे," म्हणाली. "ही एकशे तेरावी, तू आत्ता मारलीस ती."

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी आई भाकरी थापत होती. मी दप्तर भरत होते. थापण्याचा आवाज थांबला. बघितलं तर तिचा उजवा हात परातीत तसाच पडून होता, जसा काही दुसऱ्या कुणाचा तिथे विसरून राहिला असावा.

"नंदू," ती म्हणाली, "ती चप्पल दे. चप्पल... करपतीय."

मी हसले. खरंच हसले. मग तिचा चेहरा दिसला. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. तव्यावरची भाकरी काळी पडत होती आणि ती उलथन्याकडे बघत पुन्हा म्हणाली, "चप्पल."

प्रथमोपचाराच्या तासाला आम्हाला घोकून घेतलं होतं: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं भलतंच, की आधी घड्याळ बघायचं. मी बघितलं. सात वाजून बावीस. सात अठ्ठावीसला आईने हात उचलला, बोटं मिटली, उघडली आणि माझ्यावरच ओरडली, "उभी काय राहिलीस? गॅस बंद कर की!"

आबा बाहेरच्या खोलीतून आले. "वारं गेलं असंल अंगावरनं. कोमट तेल चोळा. माझ्या चुलत्याला असंच झालं हुतं, दुसऱ्या दिवशी रानात गेला."

"आणि तिसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. चुलते तिसऱ्या दिवशी वारले होते, हे मला आबांनीच कधीतरी सांगितलं होतं.

"मला काही झालं नाही," आई म्हणाली. "तुझा डबा राहिलाय."

"बरं वाटलं तरी जायचंच असतं, आई. मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट सहा मिनिटं अडली आणि सुटली. पुन्हा अडली तर सुटेलच असं नाही."

रिक्षात मी तिला सांगितलं की ती उलथन्याला चप्पल म्हणत होती. तेव्हा मात्र ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तेच पाणी पुसायचं सोडून तशीच बसून राहिली.

*

तालुक्याच्या दवाखान्याच्या आवारात महिन्यातून एक आठवडा पांढरी गाडी उभी राहते. आत एक पलंग आणि त्याच्या उशाशी डोकं-मान झाकणारं, कानपट्ट्या असलेलं मऊ यंत्र. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. विट्यात सगळे त्याला टोपरं म्हणतात, कारण ते तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखंच दिसतं.

पूर्वी या तपासणीसाठी मोठ्या शहरात जाऊन बोगद्यासारख्या यंत्रात झोपावं लागे. त्याचा चुंबक असा जबर, की खोलीच्या दारातच खिशातलं लोखंड ओढलं जायचं. टोपऱ्याचा चुंबक दुबळा. म्हणून ते गाडीत मावतं आणि गावोगाव फिरतं. त्याला दिसतं ते पुसट असतं. ते उजळायचं काम संगणक करतो, आणि निकालही तोच लावतो. हिरवा म्हणजे मेंदूला जाणाऱ्या धमन्या मोकळ्या. पिवळा म्हणजे एखादी अरुंद झालीय, डॉक्टरांनी ताबडतोब बघायचं. राखाडी म्हणजे पुरती बंद. उघडून उपयोग नाही, गोळ्या आणि विश्रांती. वीस तालुक्यांना मिळून मेंदूच्या डॉक्टर एकच, त्याही पुण्यात बसून. त्यामुळे त्यांच्यापर्यंत फक्त पिवळे पोचतात.

गाडीवर तौफीकदादा मुलाणी होता. आमच्याच शाळेचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा.

"काकी, पिना, क्लिपा, कानातलं, सगळं या वाटीत टाका."

आईने अंबाड्यातले आकडे काढले, कुड्या काढल्या. गळ्याशी हात गेला आणि थांबला. "हे राहू दे, तौफीक."

पडद्यावर अक्षरं आली: मानेजवळ धातू.

"मंगळसूत्र सोन्याचंच ना, काकी?"

आबा दारातून ओरडले, "आरं, ह्या हातानं गाळलेलं सोनं हाय ते! चुंबक लावून दाव, हाललं तर मिशी काढीन."

"सोनं चालतंय, आबा. सोन्याला चुंबकाचं काही पडलेलं नसतं." तौफीकदादाने 'सोन्याचे दागिने' या चौकटीवर टिचकी मारली. विट्यात तो ती दिवसातून चाळीस वेळा मारत असणार.

आई आडवी झाली. टोपरं तिच्या गालांवर मिटलं. बारीक टकटक सुरू झाली.

"हे काय करतंय?" मी विचारलं.

"हाका मारतंय."

"कुणाला?"

"अंगातल्या पाण्याला. पाण्यातले हायड्रोजनचे कण चुंबकात शिस्तीत उभे राहतात. त्यांना रेडिओलहरीची हाक मारली की ते डोलतात आणि ओ देतात. पण लगेच दुसरी हाक, तिसरी, चौथी, अशी मारत राहिलं की दमतात. सावरायलाच वेळ मिळत नाही. मग ओ देईनासे होतात. मानेचं मांस, हाडं, जे जे जागेवर असतं ते असं दमून काळं पडतं."

"आणि रक्त?"

"ते वाहतं ना! खालून नवं येत राहतं. त्याने आधीच्या हाका ऐकलेल्याच नसतात. ताजं असतं, म्हणून जोरात ओ देतं. ते बघ."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या फांद्या उमटत होत्या. माझ्या आईच्या आतलं झाड. उजवीकडची फांदी खालून वर सलग लखलखत होती. डावीकडची मानेच्या मध्यावर आली आणि एकदम काळी झाली.

अकरा मिनिटांनी पडदा राखाडी झाला.

*

निकालाबरोबर रक्त पातळ ठेवणारी रोजची एक गोळी आणि एक कडं मिळालं. डाव्या मनगटात घालायचं. बंद धमनीचं काम बाकीच्या धमन्या वळसा घालून करतात, त्यामुळे रक्तदाब एकदम चढता-उतरता कामा नये. रुग्णाने सहा आठवडे पडून राहायचं. वजन उचललं, वाकून काम केलं, की कडं चिरकायचं आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जायचा: *विश्रांती मोडली.*

पहिल्या दिवशी ते सव्वीस वेळा चिरकलं.

"जयश्री, तू आत्ता काय उचललंस?" पप्पा कोइमतूरहून.

"बादली."

"ठेव ती!"

"ठेवायला तरी वाकू का नको?"

दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. तिसऱ्या दिवसापासून ते गप्प झालं. आई खाटेवर पडली ती पडलीच.

मग आम्हाला कळलं की घर म्हणजे काय असतं. मी साडेपाचला उठायचे. माझ्या भाकऱ्यांना पाच-पाच कोपरे. आबांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा चहा केला आणि दुधाऐवजी ताक घातलं, वर तो पिऊनही टाकला, कारण सांगायचं कुणाला? ते हाक मारायला तोंड उघडायचे. "जय..." एवढंच बाहेर यायचं, मग खाटेकडे बघून मिटायचे. मी भांडी घासता घासता झोपायचे. वक्तृत्व स्पर्धेची जिल्ह्याची फेरी शनिवारी होती, गेल्या महिन्यात जिंकून मी तिथवर पोचले होते. मी नाव काढून घेतलं. बाईंना म्हणाले, घसा बसलाय. तो बसलेला नव्हता, मी बसले होते, ओट्यापाशी, गुडघ्यात डोकं घालून.

आई तिकडे छताकडे बघत असायची. कधी डोळे मिटलेले. जेवायला दिलं की जेवायची, पाच कोपऱ्यांसकट. एकदा म्हणाली, "दुपारी घरात ऊन कुठवर येतं, मला माहीतच नव्हतं गं." आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी भांड्यांकडे परत गेले.

*

आठव्या दिवशी, बुधवारी दुपारी, आबा सदऱ्याचं बटण लावायला बसले. कुणाला सांगायचं नाही म्हणून स्वतःच. सुई पडली. शोधायला त्यांनी आपल्या जुन्या पेटीतून चुंबक काढला. गलाईच्या दिवसांत मोडीच्या सोन्यात लोखंडाची भेसळ आहे का बघायला वापरायचे तो, हाताच्या तळव्याएवढा.

फरशीवरून चुंबक फिरवत आबा आईच्या खाटेखाली आले. आई झोपली होती. कुशीवर वळल्याने मंगळसूत्र खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होतं.

टच्च.

"आरं देवा," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक. "नंदे! हिकडं ये. सोनं चिकटलं!"

मी धावले. मंगळसूत्र खरंच चुंबकाला घट्ट चिकटलं होतं.

"ह्या हातानं गाळलंय मी! चोवीस नंबरी सोनं घेऊन डागिना घडवलाय! कुणी बदललं?"

"आबा, मिशी!" मी म्हणाले आणि खो-खो हसत सुटले. वाट्यांच्या मागे तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. दोन छोट्या, एक मोठी. आईच्या मंगळसूत्रात त्या नेहमीच असतात. माझा रिबनचा बो सुटला, कुणाचा पदर फाटला, पिशवीचा बंद तुटला, की आईचा हात गळ्याशी जातो आणि पीन निघते. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांचं तसंच. त्यामुळे ती कुणाला दिसतच नाही.

आबाही हसले. मग आमचं दोघांचं हसणं एकाच वेळी थांबलं नाही. माझं आधी थांबलं.

आई जागी झाली होती. ती चुंबकाकडे बघत होती, आणि तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"आई, टोपऱ्यात झोपलीस तेव्हा ह्या पिना कुठे होत्या?"

"चहा ठेव आधी."

"आई!"

आबा उठून बाहेरच्या खोलीत गेले. जाताना त्यांनी चुंबक बरोबर नेला, जणू त्याच्यासमोर बोलायला नको.

"आडवी झाले तशी साखळी मानेच्या बाजूला घसरली," आई म्हणाली. "मोठी पीन कानाखाली टोचायला लागली. तेव्हा आठवलं. पण ते सुरू झालेलं. बाहेर रांग होती. म्हटलं, आता कुठे त्याला पहिल्यापासून करायला लावू."

"आणि नंतर? निकाल बघितल्यावर?"

"घरी आल्यावर सांगणारच होते."

"मग?"

तिने कड्यावरून बोट फिरवलं. "मग दोन दिवस गेले आणि कुणी हाकच मारीना. मी पडून वाट बघत होते. आता मारतील, आता मारतील. संध्याकाळ झाली तरी नाही. नंदू, लग्नाला एकवीस वर्षं झाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी कधी सलग एका कुशीवर झोपले नव्हते. म्हटलं, बंद तर बंद. राहू दे."

मला रडू यायला हवं होतं. राग आला. "मी स्पर्धा सोडली. पहाटे साडेपाचला उठतेय मी!"

"कंटाळलीस ना आठ दिवसांत?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले. "कंटाळले."

"बघ," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी ओट्यापाशी जाऊन तौफीकदादाला फोन लावला. गाडी आता आटपाडीला होती. मी पिनांचं सांगितलं.

"लोखंड जवळ असलं की आजूबाजूचे कण बिथरतात," तो हळू आवाजात म्हणाला. "रक्त वाहत असलं तरी तेवढा भाग काळाच दिसणार. जुन्या यंत्राने पीन दारातच पकडली असती. ह्याने विचारलं होतं, आणि मी सोनं म्हणून टिचकी मारली. नंदू, काकींना आजच आण."

"म्हणजे नस चांगली असेल?"

"चांगली असती तर झटका का आला असता? मला भीती वाटतीय ती अरुंद असण्याची. पुरत्या बंद नळातून गाळ येत नाही. अर्धवट उघड्या नळातून येतो, कधीही. एक गुठळी वर गेली की त्या दिवशी सहा मिनिटं झालं ते कायमचं. पण अरुंद असेल तर आतून साफ करता येते. झटक्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत करावी लागते. किती झाले?"

"आठ दिवस."

मी आईसमोर जाऊन उभी राहिले. वक्तृत्वाला उभी राहते तशीच, पाय जुळवून. भाषण तयार होतं, गाळ, नळ, दोन आठवडे, सगळं. अर्ध्यात मी अडखळले.

ती भिंतीकडेच तोंड करून होती. "आणि हिरवं आलं तर?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझ्या आईला धमनी खराब निघण्याची भीती नव्हती.

"हिरवं आलं तरी भाकरी मी करीन," मी म्हणाले. "पाच कोपऱ्यांची. रोज नाही जमणार. एक दिवसाआड. खोटं नाही बोलत."

"आन् चहा मी करीन," बाहेरच्या खोलीतून आबा म्हणाले. "ताक घालून."

आईचे खांदे हलले. हसत होती की काय, ते पाठीवरून कळेना. पण ती उठून बसली. कडं चिरकलं नाही.

*

आटपाडीत तौफीकदादाने या वेळी वाटी पुढे केली नाही. स्वतःचा हात पुढे केला. आईने मंगळसूत्र काढलं, क्षणभर कुणाला द्यावं ते सुचेना, मग आबांकडे दिलं. आबांनी तिन्ही पिना सोडवून आपल्या टोपीच्या आतल्या बाजूला टोचल्या.

टकटक सुरू झाली. मी पडद्याला नाक लावून उभी. मांस दमलं, काळं पडलं. उजवी फांदी उजळली. डावी वर आली, त्याच जागी आली. काळं झालं नाही. फांदी बारीक झाली, बारीक, केसाएवढी, आणि त्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघेतून पलीकडे जाऊन पुन्हा रुंदावली. इतके दिवस कुणी बघत नसताना तेवढ्याशा जागेतून ते रक्त मुकाट्याने वर जातच होतं.

पडदा पिवळा झाला. तीन मिनिटांत पुण्याच्या डॉक्टर सानप मॅडम पडद्यावर आल्या.

"ऐंशी टक्के अरुंद. घरी परत जायचं नाही. इथून थेट सांगलीला, मी बोलून ठेवते. परवा सकाळी शस्त्रक्रिया. या आठ दिवसांत दुसरा झटका आला नाही, गोळीने हात दिला म्हणायचं." मग त्यांनी पहिलं चित्र उघडून बघितलं. "हे काळं कशामुळे आलं होतं?"

"माझ्यामुळे, मॅडम," तौफीकदादा म्हणाला.

"पिनेमुळे," आई म्हणाली. "आणि मी सांगितलं नाही म्हणून. त्याला बोलू नका."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "दहा दिवस विश्रांती लागेल नंतर. मग हळूहळू सगळं करता येईल."

त्या वेळी आई टोपऱ्यातून केस मोकळे करत होती. तिने ऐकलं असं मला वाटलं नाही.

*

दवाखान्याच्या गाडीत आबा पुढे चालकाशेजारी, मागे आई आडवी आणि मी तिच्या पायांशी. पप्पा रेल्वेत बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांनी फोन करून काही कुठे आहे ते विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आहे ना ती?" मी म्हणाले, "आहे."

खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या साडीवर पडून सरकत होतं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती.

"नंदू."

"ओ."

"ऑपरेशननंतर किती दिवस पडून राहायचं म्हणाल्या डॉक्टर?"

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. कडं आटपाडीलाच काढून घेतलं होतं. तिथे गोरा पट्टा राहिला होता.

"दोन महिने," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघत राहिली. माझं खोटं तिला कायम कळतं, पहिलीतही कळायचं.

पुढच्या आसनावरून आबांनी मान वळवली. मॅडम बोलत होत्या तेव्हा ते माझ्या शेजारीच उभे होते, आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.

"दोन महिने," आबा म्हणाले. "मी सोता ऐकलं."

आईने डोळे मिटले.